तिवराचा जनुकसंच व खारजमिनीची शेती

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर, वरळीच्या उत्तर टोकास, जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी वरळी कोळीवाडा वसलेला आहे. ह्या टोकाच्या उत्तरेस माहीमचा उपसागर पसरलेला असून मिठी नदी त्यालाच येऊन मिळते. नदीच्या मुखाशी, खाडीच्या काळ्या चिखलात, फिकट हिरव्या पानांची दाट झाडी दिसते. ह्या झाडीत तिवर हे प्रमुख झाड होय. कोळंबी, चिंबोऱ्या, बोयरे अशा अनेक जातींची पिल्ले खाडीतील ह्या झाडीच्या मुळांत आसरा घेतात आणि वाढल्यावर बाहेर पडतात. त्यामुळे किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या कोळ्यास तिवराचे महत्त्व सांगावे लागत नाही.

शेतकऱ्यास मात्र हे झाड आजवर उपयोगाचे वाटले नाही. त्याचे लाकूड सरपणाला आणि पाला गुरांना, एवढाच त्याचा लौकिक. परंतु 2021 साली भारतीय शास्त्रज्ञांनी तिवराचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला आणि ह्या झाडाचा संबंध थेट भाताच्या शेताशी जोडला गेला. जेथे भाताचे रोप करपून जाते, तेथे तिवर दिवसातून दोनदा समुद्राच्या पाण्यात उभे राहूनही हिरवे राहते. ते कशाच्या बळावर, हा प्रश्न कोकणातील खारजमिनीच्या शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा आहे. ह्या संशोधनातून काय हाती आले, काय आलेले नाही आणि तोपर्यंत शेतात काय करावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाणी असून दुष्काळ

कोळीवाड्यात मासळी खारवताना तिला मीठ चोळून ठेवतात. थोड्याच वेळात मासळीला पाणी सुटते. कैरीच्या फोडींना मीठ लावले असताही हेच घडते. बाहेर क्षार अधिक आणि आत कमी असला, म्हणजे आतील पाणी बाहेर ओढले जाते. खारजमिनीत पिकाच्या मुळाची हीच स्थिती होते. मुळाभोवती पाणी भरपूर असते, पण ते मुळात शिरत नाही. शेत ओले दिसते आणि रोप तहानेने सुकते.

दुसरी आपत्ती आतील आहे. मिठातील सोडियम पाण्याबरोबर थोडा थोडा रोपात शिरतो, पानांत साचतो आणि पेशींचे काम बिघडवतो. भाताच्या पानांचे शेंडे पांढरे पडून वाळणे, फुटवे कमी येणे, लोंबीत पळींज राहणे ही त्याची लक्षणे होत.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. जमिनीची क्षारता मोजताना मातीच्या द्रावातून वीज किती सहज वाहते हे पाहतात. हा आकडा चार डेसीसायमन प्रति मीटरहून अधिक आला, तर जमीन क्षारयुक्त समजतात. भाताच्या उत्पन्नाला त्यापूर्वीच, तीनच्या सुमारास, झळ लागू लागते. समुद्राच्या पाण्याचा आकडा पन्नासच्या आसपास असतो. ह्यावरून भाताची सोसण्याची मर्यादा व तिवराची मर्यादा ह्यांतील अंतर ध्यानी येईल.

क्षाराने पिडलेले झाड आणि वाळवंटातील प्राणी ह्यांची अडचण मुळात एकच आहे, ती म्हणजे उपयोगी पडेल असे पाणी न मिळणे. बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आढळतो. आपल्या पाण्याची पुष्कळशी गरज तो चाऱ्यातील ओलाव्यावर भागवतो. उंटांचे जनुकसंच वाचून 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मूत्रपिंडातील पाणी व क्षार ह्यांचा तोल राखणाऱ्या जनुकांत विशेष बदल दिसून आले. म्हणजे कोरड्या मुलुखातील जनावराने जे मूत्रपिंडाने साधले, ते खाडीतील तिवराने मुळांनी व पानांनी साधले आहे. कच्छमधील खाराई उंट तर भरतीचे पाणी पोहून जाऊन तिवराचा पालाच खातो! वाळवंटाची व खाडीची विद्या तेथे एकत्र येते.

तिवर हे कसे साधते?

पुष्कळ लोक खाडीतील सर्वच झाडांना कांदळ म्हणतात. परंतु कांदळ व तिवर ही झाडे निरनिराळी आहेत. कांदळाची मुळे खोडापासून कमानीसारखी निघून चिखलात रुततात. तिवराच्या बुंध्याभोवती मात्र चिखलातून बोटाएवढी उभी मुळे शेकड्यांनी वर आलेली दिसतात. चिखलात हवा नसल्यामुळे ओहोटीच्या वेळी ह्या मुळांवाटे तिवर श्वसन करते.

क्षाराशी लढण्याचे तिवराचे उपाय मुख्यत्वे तीन आहेत. पहिला उपाय दारावरच अडविण्याचा होय. मुळे पाणी शोषताना त्यातील बहुतेक क्षार बाहेरच ठेवतात. दुसरा उपाय आत आलेला क्षार बाहेर टाकण्याचा. तिवराच्या पानांवर सूक्ष्म क्षारग्रंथी असतात. कोरड्या दिवशी पानावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात, ते ह्या ग्रंथींनी टाकलेले असतात. आत आलेल्या क्षारापैकी सुमारे 40 टक्के क्षार ह्या मार्गाने बाहेर पडतो. तिसरा उपाय उरलेल्या क्षाराला बाजूला कोंडण्याचा. पेशीतील एका पिशवीसारख्या कप्प्यात तो साठविला जातो आणि बाकीच्या भागात पाणी धरून ठेवणारे निरुपद्रवी पदार्थ तयार केले जातात.

ह्या तीन उपायांमुळे समुद्राच्या पाण्याच्या पाऊणपट क्षारतेत तिवर उत्तम वाढते आणि समुद्राच्या अडीचपटीहून अधिक क्षारताही सहन करू शकते, असे संशोधकांनी नमूद केले आहे.

जनुकसंच वाचणे म्हणजे काय?

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा अतिशय लांब व बारीक धागा असतो. अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन अशा चार रासायनिक घटकांची त्यावर ओळ लागलेली असते. ही चार अक्षरे समजली, तर त्यांच्या क्रमाने लिहिलेला मजकूर म्हणजे त्या जीवाची घडण. ह्या मजकुरातील एकेका कामाचा हुकूम म्हणजे जनुक. धागे गुंडाळून त्यांची गुणसूत्रे बनलेली असतात. सर्व गुणसूत्रांतील सर्व मजकूर मिळून जनुकसंच होतो.

हा मजकूर वाचण्यासाठी कोवळ्या पानातून डीएनए वेगळा काढतात. एवढा लांब धागा यंत्राला एका दमात वाचता येत नाही. म्हणून त्याचे असंख्य तुकडे करून ते वाचले जातात आणि एका तुकड्याचे शेवट दुसऱ्याच्या आरंभाशी जुळवून संगणकाच्या साह्याने पुन्हा सलग मजकूर उभा केला जातो. एखाद्या पोथीच्या अनेक प्रती फाटून एकत्र मिसळल्या आणि त्यांतून मूळ पोथी पुन्हा लावायची झाली, तर जे कष्ट पडतील, तसेच हे काम आहे.

भाताचा जनुकसंच अनेक देशांनी मिळून वाचला व तो 2005 साली प्रसिद्ध झाला. त्या कामात भारताचाही वाटा होता. भाताचा मजकूर सुमारे 38 कोटी 90 लाख अक्षरांचा आहे.

भुवनेश्वर येथील काम

तिवराचा जनुकसंच वाचण्याचे काम भुवनेश्वर येथील जीवविज्ञान संस्था आणि तामिळनाडूतील एसआरएम विज्ञान व तंत्रज्ञान संस्था ह्यांनी मिळून केले. तिवराचा एकंदर मजकूर सुमारे 46 कोटी 27 लाख अक्षरांचा असावा असा अंदाज आहे. त्यापैकी सुमारे 98.7 टक्के मजकूर 31 गुणसूत्रांवर लावण्यात यश आले. म्हणजे ह्या झाडाची पोथी भाताच्या पोथीहून थोडीच मोठी आहे.

ह्या मजकुरात प्रथिने बनविणारी 31,477 जनुके आढळली. त्यांपैकी 3,246 जनुके क्षारतेला प्रतिसाद देणारी आहेत. ह्यांत 614 जनुके अशी आहेत, की त्यांच्यासारखी जनुके इतर वनस्पतींत क्षार सोसण्यास मदत करतात हे प्रयोगाने पूर्वीच सिद्ध झाले आहे.

ह्या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. तिवराच्या दर दहा जनुकांपैकी एक जनुक क्षाराच्या कामाशी संबंधित आहे. म्हणजे क्षार सोसणे हा एखाद्या जनुकाचा चमत्कार नसून ती गावकीसारखी अनेकांनी मिळून करावयाची गोष्ट आहे. कोणी दार राखतो, कोणी पाणी उपसतो, कोणी कोठार सांभाळतो. त्यांतील एक गडी दुसऱ्या गावी नेला म्हणून ते गाव तसेच चालू लागेल, असे नाही.

“हे बियाणे केव्हा मिळणार?”

ही माहिती गावात सांगितली, की शेतकरी पहिला प्रश्न हाच विचारील. गावपातळीवरील कार्यकर्त्याने त्याचे उत्तर सावधपणे व खरे द्यावे. तिवराच्या जनुकाचे भाताचे वाण आज बाजारात नाही. उद्याच्या हंगामातही ते मिळणार नाही.

ह्या दिशेने प्रयत्न झालेले नाहीत असे मात्र नाही. भुवनेश्वरच्या कामात अग्रभागी असलेले शास्त्रज्ञ अजय परिडा पूर्वी चेन्नई येथील एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानात होते. तेथे तिवराचे एक जनुक ‘पुसा बासमती-1’ ह्या भातात घालण्यात आले व त्याचा अहवाल 2008 साली प्रसिद्ध झाला. हे जनुक पेशींतील घातक प्राणवायुजन्य पदार्थ निकामी करणारे आहे. त्या भाताने प्रयोगात क्षार व पाण्याची टंचाई ह्यांना मूळ वाणापेक्षा अधिक टिकाव धरला. तथापि प्रयोगातील रोप आणि शेतातील पीक ह्यांत मोठे अंतर असते. शिवाय परक्या जातीचे जनुक घातलेल्या भाताच्या लागवडीस भारतात परवानगी मिळालेली नाही.

दुसरा मार्ग भाताच्याच मजकुरात दुरुस्ती करण्याचा आहे. मे 2025 मध्ये केंद्र शासनाने ‘पुसा डीएसटी राइस-1’ हे वाण जाहीर केले. ‘एमटीयू-1010’ ह्या प्रचलित वाणातील एका जनुकात बदल करून ते तयार केले आहे. त्यात बाहेरचे जनुक राखलेले नाही. त्याच्या चाचण्यांच्या आकड्यांविषयी जाहीर मतभेदही झाले आहेत. म्हणून शिफारस आपल्या भागासाठी होईपर्यंत व बियाणे अधिकृत मार्गाने मिळेपर्यंत थांबावे.

तिसरा मार्ग सर्वांत जुना आणि आज हाती असलेला होय. भाताच्या स्वतःच्या घरात क्षार सोसणारी भावंडे आहेत. केरळचा पोक्काली भात आणि कोकणातील काळा रता, भुरा रता ही त्यांची उदाहरणे. पिढ्यान् पिढ्या खारजमिनीत भात लावून शेतकऱ्यांनीच ती निवडून काढली. पोक्कालीतील क्षार सोसणारा गुणसूत्राचा भाग शास्त्रज्ञांनी ओळखला असून साध्या संकराने तो इतर वाणांत आणता येतो. जनुकसंचाच्या ज्ञानाचा शेतकऱ्यास आज होणारा खरा लाभ हाच आहे. कोणत्या रोपात गुण उतरला हे लहानपणीच पानावरून तपासता येते आणि निवडीची काही वर्षे वाचतात.

तिवराची पोथी ह्या कामात मार्गदर्शक ठरेल. भातातील कोणती जनुके तपासावीत, कोणती एकत्र आणावीत, ह्याचा शोध तिच्यावरून अधिक नेमका करता येईल. ह्याहून अधिक आश्वासन शेतकऱ्यास देऊ नये. कार्यकर्त्याने एकदा खोटी आशा लावली, की पुढच्या वेळी त्याचा खरा सल्लाही कोणी ऐकत नाही.

बांध, तिवर आणि शेतकरी

वरळीसमोरच्या खाडीत ज्या तिवराला मच्छीमार आधार मानतो, तेच तिवर मुंबईच्या पलीकडे, रायगड जिल्ह्यातील खारभूमीत, शेतकऱ्याच्या चिंतेचा विषय झाले आहे. त्याचे कारण कार्यकर्त्याने जाणून घ्यावे.

खारजमिनीतील शेती समुद्राकडील बांधावर उभी असते. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली, की खारे पाणी शेतात पसरते. त्याबरोबर तिवराची बीजेही येतात. तिवराचे बीज झाडावर असतानाच अंकुरलेले असते. त्यामुळे चिखलात टेकताच ते मूळ धरते. खांड दोन-चार वर्षे तशीच राहिली, तर भातखाचरात तिवराचे रान उभे राहते. कांदळवनाच्या तोडीस राज्यभर बंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 च्या निर्णयात ती अधिक कडक केली. मग सातबारावर शेत आणि जागेवर वन, अशी अवस्था होते. शेतकऱ्यास ते तोडता येत नाही आणि पिकवताही येत नाही.

येथे दोष तिवराचा नाही व तोडबंदीचाही नाही. बांधाच्या बाहेरची तिवराची रांग लाटांचा जोर मोडते व बांध वाचवते. ती तोडली, तर पुढची खांड लवकर पडते. तिवर बाहेर आणि भात आत, ही व्यवस्था टिकवायची, तर खांड पहिल्याच वर्षी बुजविली पाहिजे. बांध शासकीय योजनेतील असल्यास खारभूमी विकास कार्यालयास त्वरित लेखी कळवावे व त्याची पोच घ्यावी. बांध खाजगी असल्यास लाभधारकांनी एकत्र येऊन दुरुस्ती करावी. खांड पडल्याची तारीख, तिची रुंदी व छायाचित्रे ग्रामपंचायतीत नोंदवून ठेवावीत. बांधाच्या आत तिवर वाढले असल्यास स्वतः कुऱ्हाड चालवू नये. महसूल व वन खात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा.

शास्त्राच्या दृष्टीनेही बाहेरची रांग जपणे अगत्याचे आहे. भुवनेश्वर येथे वाचलेली पोथी हा ह्या जातीचा एक नमुना आहे. माहीमचे, ठाण्याचे, धरमतरचे तिवर आपापल्या खाडीतील क्षार, गाळ व सांडपाणी सोसत वाढले आहे. त्यांच्या मजकुरात बारीक फरक असणारच. उद्या एखादा उपयुक्त फरक शोधायचा झाला, तर तो जिवंत झाडातच सापडेल. संगणकात ठेवलेल्या नमुन्यात तो नसेल.

आज शेतात काय करावे?

1. पावसाळ्यापूर्वी मुख्य बांध व उघाडीची झडप तपासावी. झडप नीट मिटत नसेल, तर पुढील सर्व श्रम वाया जातात.

2. मातीची तपासणी करून घ्यावी. उन्हाळ्याच्या अखेरीस क्षार पृष्ठभागी येतात, म्हणून त्या वेळचा नमुना अवश्य घ्यावा. वरच्या वीतभर थराचा नमुना व खालच्या थराचा नमुना वेगळे ठेवावेत.

3. पहिल्या पावसाचे गोडे पाणी खाचरात कोंडावे आणि ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडावे. असे दोन-तीन वेळा केल्याने वरच्या थरातील क्षार धुऊन जातात. कोकणातील पाऊस हे खारजमिनीचे सर्वांत स्वस्त औषध आहे.

4. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘पनवेल-1’, ‘पनवेल-2’ व ‘पनवेल-3’ ह्या वाणांपैकी आपल्या जमिनीस योग्य वाण तज्ज्ञांच्या सल्ल्याने निवडावे. घरी जुने रत्याचे बी असल्यास ते मोडीत काढू नये. थोड्या क्षेत्रात लावून ते राखावे.

5. रोपवाटिका गोड्या जमिनीत व गादीवाफ्यावर करावी. भाताचे कोवळे रोप क्षाराला लवकर बळी पडते. म्हणून रोपे थोडी जून झाल्यावर लावावीत आणि एका चुडात तीन-चार रोपे ठेवावीत.

6. लावणीनंतर खाचर कोरडे पडू देऊ नये. पाणी आटले, की खालचे क्षार वर चढतात. नत्रयुक्त खत एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावे.

7. कापणीनंतर जमीन उघडी ठेवू नये. भाताचा पेंढा पसरल्यास बाष्पीभवन कमी होऊन क्षार वर येण्यास आळा बसतो.

8. जिप्सम हा चोपण जमिनीवरील उपाय होय. खारजमिनीस पहिला उपाय गोड्या पाण्याने धुण्याचा व निचऱ्याचा आहे. तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय जिप्समवर पैसा खर्च करू नये.

सांगली व कोल्हापूर भागातील उसाच्या पट्ट्यात अतिपाण्याने ज्या जमिनी बिघडल्या आहेत, तेथेही प्रथम तपासणी व निचरा हाच क्रम लागू पडतो. तेथील क्षार समुद्राचे नाहीत, पण मुळाला होणारा त्रास तोच आहे.

थोडक्यात

तिवराची पोथी वाचून झाली आहे, पण तिचा अर्थ लावण्याचे काम पुष्कळ वर्षे चालेल. त्या कामातून चांगले वाण निघेल अशी आशा बाळगण्यास आधार आहे. तथापि आशेवर बांध टिकत नाही. वाण येईल त्या दिवशी शेत शेतकऱ्याच्या ताब्यात, बांध शाबूत व माती धुतलेली असली पाहिजे. बांधाबाहेर तिवरही उभे असले पाहिजे. कार्यकर्त्यांनी येत्या उन्हाळ्यात आपल्या गावच्या बांधाची एक फेरी शेतकऱ्यांसह पायी करावी आणि जेथे पाणी झिरपते तेथे खूण करावी. ह्या विषयाचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.